चेहऱ्याचे व्यायाम: गाल भरण्यासाठी काय करायचं आणि खानदेशच्या उन्हात त्वचा कशी सांभाळायची

दंडाचा किंवा मांडीचा स्नायू दोन्ही टोकांना हाडाला धरलेला असतो. चेहऱ्याचं तसं नाही. इथले बहुतेक स्नायू एका टोकाला हाडाला आणि दुसऱ्या टोकाला थेट त्वचेला चिकटलेले असतात. म्हणून हसलं की गाल वर सरकतो आणि भुवया उंचावल्या की कपाळावर आडव्या रेघा उमटतात. चेहऱ्याच्या व्यायामाचा फायदा आणि धोका दोन्ही इथेच आहेत. स्नायू जरा भरला की वरची त्वचा त्यावर नीट बसते. पण व्यायाम करताना त्वचेला रोज त्याच जागी घडी पडत राहिली तर तिथली रेघ खोल होते. त्यामुळे खालच्या ज्या व्यायामांत अशी घडी पडू शकते, त्यांत बोटांना काम दिलेलं आहे. घडी पडेल तिथली त्वचा बोटांनी धरायची आणि स्नायूला तिच्याखाली काम करू द्यायचं.

यातून मिळतं किती? अमेरिकेत २०१८ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० ते ६५ वयाच्या महिलांनी पहिले ८ आठवडे रोज ३० मिनिटं आणि पुढे २०व्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड व्यायाम केले. आधीचे-नंतरचे फोटो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून वयाचा अंदाज विचारला, तेव्हा सरासरी ५०.८ वर्षांवरून ४८.१ वर आली. ठळक फरक दिसला तो गालांच्या वरच्या आणि खालच्या भरीवपणात. मात्र सुरुवात २७ जणींनी केली आणि शेवटपर्यंत १६ जणीच टिकल्या. तुलनेसाठी व्यायाम न करणारा गटही नव्हता. तेव्हा गाल थोडे भरतील, चेहरा जरा उचललेला दिसेल, एवढी अपेक्षा ठेवा. डाग जाणार नाहीत, हनुवटीखालची चरबी विरघळणार नाही आणि उन्हाने जून झालेली त्वचा व्यायामाने कोवळी होणार नाही.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजनचे धागे उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात. सकाळी अर्धा तास आरशासमोर बसायचं आणि दुपारी २ वाजता उघड्या तोंडाने मोटारसायकलवर भुसावळहून जळगाव गाठायचं, यात सकाळची मेहनत वाया जाते. म्हणून या लेखात ऊन आणि त्वचेलाही व्यायामाइतकीच जागा दिली आहे.

आधी हे तपासा

आरशासमोर हळूच तोंड उघडा आणि आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. सहज गेली तर पुढे चला. दोनच बोटं जात असतील आणि गुटखा, सुपारी, तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल, तर जबडा ताणून तोंड उघडायचा प्रयत्न करू नका. गालाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड आखडायला लागल्याची ही खूण असू शकते आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका असतो. आधी दंतवैद्यांना दाखवा. तिखट लागलं की तोंडात आग होते, आतून पांढरट पट्टे दिसतात, अशी लक्षणं असतील तर आणखी थांबू नका.

जबडा उघडताना कानाजवळ कट्ट वाजतं आणि दुखतं, रात्री दात खाण्याची सवय आहे, नुकतीच दाढ काढली आहे, मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आहे, चेहऱ्यावर बोटॉक्स किंवा फिलर घेतलं आहे, अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या किंवा नागीण असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत बोटं लावू नका.

चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, डोळा मिटत नाही, पाणी ओठातून गळतं, तर घरी व्यायाम करत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चेहऱ्याच्या नसेला सूज आली असेल तर त्यावरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं सर्वांत चांगलं. सोबत हात-पाय जड पडले असतील किंवा बोलणं अडखळत असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. अशा रुग्णांसाठीचे व्यायाम वेगळे आणि फार हलके असतात, ते फिजिओथेरपिस्ट शिकवतात. खाली दिलेले व्यायाम जोर लावून केले तर त्यांच्या चेहऱ्यावर डोळा मिटताना ओठ ओढला जाणं, अशा चुकीच्या हालचाली बसण्याची भीती असते.

तयारी

आरसा, टेकायला पाठ असलेली खुर्ची आणि खिडकीतून समोरून येणारा उजेड पुरे. वेळ सकाळची उत्तम, उन्हाळ्यात तर ७च्या आतच. घामाने बोटं घसरायला लागली की पकड राहत नाही. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावून व्यायाम करू नका, कारणही तेच.

नखं कापलेली हवीत. हात साबणाने धुवा, आणि ठेचा वाटला असेल किंवा मिरच्या निवडल्या असतील तर दोनदा धुवा, डोळ्यांच्या कडेला बोटं जाणार आहेत. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, काजळ पुसून घ्या. कवळी असेल तर ती घालूनच व्यायाम करा, नाहीतर ओठ आत ओढले जातात.

ताठ बसा, खांदे खाली सोडा. मग जबडा सैल करा: जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला लावा आणि ते तिथेच ठेवून जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडा. ६ वेळा. जीभ टाळूला असली की जबडा सरळ रेषेत उघडतो, डावी-उजवीकडे सरकत नाही.

गाल: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

फरक दिसतो तो गालांतच, म्हणून एकूण वेळेतला निम्मा वेळ त्यांना द्या. डोळ्याखालच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरके उतरणारे स्नायू हसताना कोपरा वर ओढतात. वय वाढतं तसा हाच भाग सपाट होतो.

पहिला प्रकार असा. तोंड लांबट ‘ओ’सारखं उघडा. वरचा ओठ आत वळवून वरच्या दातांवर ताणून बसवा. आता ओठ न हलवता फक्त गालांनी हसा. डोळ्यांच्या खाली, गालाच्या उंचवट्यावर दोन्ही हातांची तर्जनी अलगद टेकवा. बोटाखाली गोळा वर येताना जाणवला पाहिजे. १ सेकंद वर, मग सैल, पुन्हा वर. १० वेळा झालं की दहाव्यांदा वरच धरून २० सेकंद थांबा. असे ३ फेरे करा, मधे अर्धा मिनिट विश्रांती.

यात चुकतं ते असं. बोटाखाली काहीच हलत नाही, उलट डोळे बारीक होतात आणि कडेला पंख्यासारख्या रेघा पडतात. म्हणजे गालाऐवजी डोळ्याभोवतीचा स्नायू काम करतोय. अशा वेळी नजर थोडी वर, आरशाच्या वरच्या कडेवर ठेवा आणि हसू निम्मं करा. दुसरी चूक नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेघेची. ती खोल पडत असेल तर बोटं गालावरून काढून त्या रेघेवर सपाट दाबून धरा आणि मग गाल उचला. बोटांनी त्वचा वर ओढायची नाही, आहे तिथे फक्त थोपवायची. तिसरी चूक घाईची. भरभर ५० वेळा केलं तर स्नायूला ताण बसतच नाही. गोळा वर आल्यावर तो क्षणभर धरता आला पाहिजे.

दुसरा प्रकार: ओठ मिटून, दात न दाखवता हसा. दोन्ही तर्जनी ओठांच्या कोपऱ्यांवर ठेवा आणि खाली हलकासा दाब द्या, म्हणजे कोपऱ्याला बोटाविरुद्ध वर यावं लागेल. ५ सेकंद जोर, ५ सेकंद आराम, ८ वेळा. दाब एवढाच असावा की आरशात त्वचेला वळी पडणार नाही. एक बाजू दुसरीपेक्षा कमजोर असणं अगदी सामान्य आहे. कमजोर बाजूचे २ जास्तीचे करा.

तिसरा प्रकार गालफडांच्या आतल्या स्नायूसाठी, जो घास दातांखाली ढकलतो. ओठ मिटून तोंडात हवा भरा. उजव्या गालात ५ सेकंद, डाव्यात ५ सेकंद, मग वरच्या ओठाखाली ५ सेकंद. असे ८ फेरे. हवा पाऊण भरा, गच्च नाही, आणि श्वास नाकाने चालू ठेवा. श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब चढतो; रक्तदाब, हर्निया किंवा काचबिंदू असलेल्यांनी हा प्रकार सोडून द्यावा आणि त्याऐवजी दोन्ही गाल दातांवर आत दाबून ५ सेकंद धरावेत. तोही पुरेसा आहे.

ओठ

ओठांभोवतीचा स्नायू गोल आहे. चंबू केला की वरच्या ओठावर उभ्या रेघा येतात, म्हणून चंबूचे सगळे व्यायाम टाळा. ओठ एकमेकांवर सपाट दाबायचे. स्वयंपाकघरातला स्टीलचा छोटा चमचा घ्या आणि त्याच्या दांड्याचं टोक ओठांच्या मधोमध धरा, दातांत नाही. चमचा जमिनीला समांतर राहील असा १० सेकंद धरा. चमच्याची वाटी खाली झुकली की थकलात, थांबा. ५ वेळा. दांडा दातांत धरला तर ओठांना कामच उरत नाही, त्यामुळे दात किंचित उघडे ठेवून करा.

डोळे आणि कपाळ

पापण्यांची त्वचा अंगावरची सर्वांत पातळ. इथे बोट टेकवायचं, कधीही ओढायचं नाही. मधलं बोट भुवईच्या आतल्या टोकाला आणि तर्जनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला ठेवा. वर बघा आणि फक्त खालची पापणी वर उचलायचा प्रयत्न करा; ती हलकी थरथरते तेवढं पुरे. ३ सेकंद धरा, सोडा, ८ वेळा. शेवटी डोळे हळुवार मिटून १० सेकंद बसा.

कपाळाला जोर देण्यापेक्षा त्याला आराम द्यायला शिकणं जास्त फायद्याचं. उन्हात डोळे बारीक करून, कपाळ आकसून दिवस काढणाऱ्याच्या भुवयांमध्ये आधीच दोन उभ्या रेघा असतात. दोन्ही हातांची बोटं भुवयांच्या वर सपाट दाबून ठेवा आणि त्या दाबाखाली भुवया किंचित वर न्यायचा प्रयत्न करा. ३ सेकंद, ६ वेळा. आरशात एकही आडवी रेघ दिसली तर दाब वाढवा नाहीतर हा व्यायाम सोडा. कपाळाच्या बाबतीत गॉगलचा उपयोग व्यायामापेक्षा मोठा आहे.

जबडा आणि गळा

हनुवटी किंचित वर, मान लांब. जिभेचा सगळा पृष्ठभाग टाळूला चिकटवून जोरात वर दाबा. अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागाला लावला तर तिथे कडकपणा जाणवेल. १० सेकंद धरा, ८ वेळा. गळ्यावर उभ्या दोऱ्या ताठ झाल्या तर जोर चुकीच्या जागी गेला. ओठांचे कोपरे सैल सोडा आणि पुन्हा करा.

त्यानंतर हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम: डोकं न झुकवता हनुवटी सरळ मागे सरकवा, ५ सेकंद धरा, १० वेळा. मोबाईलवर मान घालून बसणाऱ्यांची मान पुढे येते आणि गळ्याची त्वचा सैल दिसते. त्यातलं बरंचसं बसण्याच्या ढबीमुळे असतं आणि याने सुधारतं.

सिंहासन हे योगासन येत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा शेवटी करा: नाकाने श्वास घ्या, तोंड उघडून जीभ हनुवटीकडे पूर्ण बाहेर काढा, घशातून ‘हाऽ’ करत श्वास सोडा. ३ वेळा पुरे. यात चेहरा पूर्ण ताणला जातो, त्यामुळे रोज दहा-दहा वेळा करायची गरज नाही.

च्युइंगम चघळून जबडा रेखीव होतो असं सांगितलं जातं. चघळण्याने वाढतो तो जबड्याच्या कोनावरचा जाड स्नायू. त्याने चेहरा रुंद दिसतो, गाल भरत नाही आणि दात खाणाऱ्यांचं दुखणं वाढतं. ज्वारीची भाकर दोन्ही बाजूंनी नीट चावून खाल्ली की त्या स्नायूला रोजचं काम मिळतंच.

किती दिवस, किती वेळ

पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटंच: फक्त जबडा सैल करणं, गालांचे पहिले दोन प्रकार आणि जीभ टाळूला दाबणं. दुसऱ्या आठवड्यात ओठ आणि डोळे जोडून २० मिनिटं. तिसऱ्यापासून सगळं, साधारण ३० मिनिटं. सलग जमत नसेल तर सकाळी १५, संध्याकाळी १५ केलं तरी चालेल. ८ आठवड्यांनंतर एक दिवसाआड. गालात हलकी ठणक आली तर हरकत नाही, व्यायाम झाल्याची ती खूण आहे. कानशिलं दुखणं, डोकं दुखणं, जबडा अडकणं मात्र थांबण्याची खूण आहे. ३ दिवस विश्रांती घ्या आणि पुन्हा निम्म्या जोराने सुरू करा. पूर्ण सोडून दिलं तर कमावलेला भरीवपणा काही महिन्यांत ओसरतो, हे आधीच माहीत असू द्या.

ऊन आणि त्वचा

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त आणि पाकिटावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं घ्या, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा लाल करणाऱ्या किरणांबद्दल सांगतो. कोलॅजन तोडणारे लांब लहरींचे किरण गाडीच्या किंवा घराच्या काचेतूनही आत येतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा, एवढं प्रमाण चेहरा आणि गळ्यासाठी लागतं. वाटाण्याएवढं लावलं तर आकड्याएवढं संरक्षण मिळत नाही. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा. शेतात किंवा रस्त्यावर घाम येत असेल तर दर २ तासांनी पुन्हा, घाम टिपून.

त्याहून खात्रीचं म्हणजे कापड. आपल्याकडे तोंडाला रुमाल, उपरणं, स्कार्फ बांधायची पद्धत आहेच, ती सोडू नका. फक्त कापड बघून घ्या: उजेडासमोर धरल्यावर त्यातून बोटं स्पष्ट दिसत असतील तर ऊनही आत येतंय. विरळ पांढऱ्या ओढणीपेक्षा घट्ट विणीचा गडद सुती रुमाल चांगला. तो रोज धुवा. घामाने ओला, धुळीने भरलेला रुमाल गालांवर घासला की पुटकुळ्या येतात. डिसेंबरमध्ये कापूस वेचताना ऊन कोवळं वाटतं, पण दिवसभर उघड्या चेहऱ्यावर तेच पडत राहतं, तेव्हाही रुमाल हवा.

दिवसातून दोनदाच सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवा. धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, म्हणजे ओलावा आत टिकतो. हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जातो आणि कोरडी हवा सुटते, तेव्हा रात्री ३-४ थेंब तिळाचं तेल हातावर चोळून चेहऱ्यावर दाबून लावलं तरी चालतं. पुटकुळ्यांची त्वचा असेल तर तेल नको, खोबरेल तर नकोच.

केळ्याचा लेप रावेर-यावल पट्ट्यात घरोघरी होतो. पिकल्या केळ्याने त्वचा तासाभरासाठी मऊ वाटते, एवढाच त्याचा गुण. स्नायूला किंवा कोलॅजनला त्याचा उपयोग नाही. केळं खा. मुलतानी माती पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवू नका, निम्मी ओलसर असतानाच धुवा, नाहीतर आधीच कोरडी असलेली त्वचा आणखी ओढल्यासारखी होते. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात.

आहारात फार काही बदलायला नको. कोलॅजन बनायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं: वजनाच्या किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅमच्या आसपास. ज्वारी आणि उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर, वरण, शेंगदाणे, दूध-दही यातून ती भागतात. क जीवनसत्त्वाला आवळा, पेरू, लिंबू. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्के कमी होतं, म्हणून ४५च्या पुढच्या महिलांनी या दोन्हींकडे विशेष लक्ष द्यावं. तंबाखू, विडी, सिगारेट चालू असेल तर त्वचेपर्यंत जाणारं रक्तच कमी पडतं, तिथे ना व्यायाम पुरा पडतो ना क्रीम. वजन झपाट्याने उतरवलं तरी गाल आधी उतरतात; महिन्याला २ किलोपेक्षा जास्त घाई करू नका.

फरक कसा ओळखायचा

रोज आरशात बघून काहीच कळत नाही. सुरुवातीच्या दिवशी तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. चेहरा धुतलेला, हसू नाही, तीच खिडकी, सकाळची तीच वेळ, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर आणि हातभर अंतरावर. फिल्टर बंद. यानंतर ४, ८ आणि २० आठवड्यांनी अगदी तसेच फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला क्रम न सांगता लावायला द्या. बघायचं ते डोळ्याखालचा उंचवटा आणि गालफडांचा खड्डा. ८ आठवड्यांनी तिथे काहीच बदल नसेल तर पहिल्या गालाच्या व्यायामाकडे परत या आणि बोटाखाली गोळा खरंच वर येतोय का ते आधी तपासा.